१.६ एमएक्स-५ ला टर्बो बसवण्याआधी मागचे डिफरेन्शियल बळकट करणे: ६ इंचीच ठेवावे की ७ इंची घ्यावे?

अर्धवर्तुळ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. माझ्याकडे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ आहे. इंजिन १.६ लिटरचे, गिअरबॉक्स पाच गिअरचा आणि मागचे डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा गिअरसंच) मूळचेच, म्हणजे ६ इंची क्राउन व्हीलचे (आतल्या मोठ्या दातेरी चाकाचे) साधे ओपन डिफरेन्शियल. गाडी रोजच्या वापरात नाही. ती ट्रॅकवर जाते आणि मधल्या काळात थोडीफार रस्त्यावर फिरते. आता तिला लहान टर्बो बसवायचे पक्के झाले आहे. मूळ इंजिनचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) १३६ न्यूटन-मीटर आहे, मला तो २७० पर्यंत न्यायचा आहे आणि तिथेच थांबायचे आहे.

या कामाची माहिती वाचताना एक वाक्य जिथे तिथे भेटते: "६ इंची डिफरेन्शियल टर्बोला टिकत नाही." पण नेमके काय तुटते, कोणत्या कारणाने तुटते आणि मोठे डिफरेन्शियल घातल्यावर ते का तुटत नाही, हे सांगणारे फारच थोडे. काहीतरी तुटल्यानंतर धावपळ करण्यापेक्षा आधीच नीट समजून घेऊन काम करावे, अशी माझी इच्छा आहे.

माझ्यासमोर तीन वाटा आहेत. ६ इंचीच ठेवून आत मर्यादित घसरणीचे युनिट, म्हणजे एलएसडी, बसवणे. १९९४ पासूनच्या १.८ गाडीचे ७ इंची डिफरेन्शियल घालणे. किंवा एकदाच काय ते करायचे म्हणून थेट फोर्डच्या ८.८ इंचीकडे जाणे. यांतली कोणती वाट घ्यावी आणि तिच्यासोबत आणखी काय काय बदलावे लागेल, हे अनुभवी सभासदांनी सांगावे.

टॉर्कवही यांचे उत्तर

आपण प्रश्न योग्य वेळी विचारला आहे. मी आधी थोडा हिशेब मांडतो, कारण तो मांडल्याशिवाय "टिकत नाही" या शब्दांना अर्थ येत नाही.

आपल्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.१३६ आणि डिफरेन्शियलचे गुणोत्तर ४.३ आहे. मूळ इंजिनचा १३६ न्यूटन-मीटर टॉर्क यातून गेला की मागच्या दोन्ही चाकांवर मिळून सुमारे १,८३० न्यूटन-मीटर पोहोचतो. मधली घर्षणाची घट मी धरलेली नाही. २७० केल्यावर हाच आकडा ३,६४० होतो. पाहणाऱ्याला वाटते की डिफरेन्शियलवरचा भार दुप्पट झाला, पण तसे होत नाही, कारण टायर तेवढा टॉर्क घेतच नाहीत. गाडी जोरात निघताना मागच्या चाकांवर साधारण ६२० किलोचा भार येतो असे धरा, टायरची त्रिज्या ०.२९ मीटर आणि पकड १.० धरा, तर टायर सुमारे १,७६० न्यूटन-मीटरवर घसरू लागतात. म्हणजे मूळ गाडीसुद्धा पहिल्या गिअरमध्ये या मर्यादेला टेकलेलीच असते. टायर हाच या साखळीतला फ्यूज आहे.

मग टर्बोने बिघडते काय? आता दुसरा आणि तिसरा गिअर पाहा. दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.८८८, २७० न्यूटन-मीटरला तिथेही सुमारे २,१९० येतात, म्हणजे टायरच्या मर्यादेच्या वर. तिसऱ्याचे १.३३, तिथे १,५४० येतात, जिथे मूळ गाडीत जेमतेम ७८० येत होते. जो भार पूर्वी फक्त गाडी निघताना दोन-तीन सेकंद यायचा, तोच आता प्रत्येक वळणातून बाहेर पडताना, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण सरळ रस्त्याच्या लांबीभर येत राहतो. पोलाद एका धक्क्याने तुटते त्यापेक्षा थकून अधिक तुटते. दात्याच्या मुळाशी केसासारखी चीर पडते, ती दर फेऱ्याला थोडी पुढे सरकते आणि एक दिवस साध्या गिअर बदलाच्या वेळी दाता निघून येतो. "काहीच केले नव्हते आणि तुटले" असे लोक म्हणतात, त्यामागे बहुतेक वेळा ही जुनी चीर असते.

आता ७ इंचीने काय फरक पडतो ते पाहू. क्राउन व्हीलचा व्यास वाढला की तेवढ्याच टॉर्कसाठी दात्यांवर पडणारे बल कमी होते, शिवाय दाते जाड आणि रुंद होतात. सगळी मापे त्याच प्रमाणात वाढली असे धरले, तर ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ७ चा घन ३४३, ६ चा घन २१६. म्हणजे जवळपास १.६ पट. प्रत्यक्षात सगळी मापे काटेकोर प्रमाणात वाढत नाहीत, तरी अंदाज म्हणून हा आकडा चांगला आहे. एका इंचाचा फरक ऐकायला लहान वाटतो, पण तो लहान नाही.

आपल्या पहिल्या वाटेबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ६ इंचीमध्ये एलएसडी बसवण्यावर खर्च करू नये. ओपन डिफरेन्शियलमध्ये एक चाक फुकट फिरू लागले की टॉर्क तिथेच गळून जातो आणि क्राउन-पिनियनवर (क्राउन व्हील आणि त्याला फिरवणारा लहान गिअर, पिनियन, यांवर) पूर्ण भार येतच नाही. एलएसडी बसवल्यावर ही गळती बंद होते आणि तेच जुने, बारीक दाते अधिक वेळ पूर्ण भाराखाली राहतात. पकड सुधारली आणि जो भाग आधीच कमकुवत होता तोच अधिक ताणला गेला, असा तो प्रकार होतो.

७ इंची घेताना फक्त डिफरेन्शियल घेऊन भागत नाही. त्याचा पुढचा फ्लॅंज (जोडणीची तबकडी) मोठा असतो, म्हणून प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागे येणारा दांडा) १.८ चा लागतो. बाजूचे सांधेही वेगळे, म्हणून दोन्ही अ‍ॅक्सल शाफ्ट १.८ चे लागतात. बाहेरच्या टोकाचे हब मात्र आपलेच चालतात, आणि गिअरबॉक्स व डिफरेन्शियल यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची लांब चौकटही तीच राहते. शक्य असेल तर हे सगळे एकाच गाडीतून काढलेले घ्या. आणि १९९४ पासून या गाड्यांना ऐच्छिक म्हणून टॉर्सन (गिअरवर चालणारी एलएसडी) मिळत असे. ते बसवलेलेच युनिट मिळाले तर फारच उत्तम.

मधला_शाफ्ट यांचे उत्तर

टॉर्कवही यांच्या हिशेबाशी मी सहमत आहे, पण त्यात सगळा भार संथपणे येतो असे गृहीत आहे. डिफरेन्शियल मोडणारा भार बहुतेक वेळा धक्क्याचा असतो, आणि तो कोणत्याही गुणाकारात दिसत नाही.

माझी पूर्वीची गाडी वेगळी होती, पण मांडणी अशीच: मागच्या चाकांना जोर आणि मागे स्वतंत्र सस्पेन्शन. तिला चांगले चिकट टायर लावल्यानंतर जोरात निघताना मागचा भाग थाडथाड उडू लागला. चाक घसरते, पुन्हा पकडते, पुन्हा घसरते, आणि हे सेकंदाला कित्येक वेळा घडते; यालाच व्हील हॉप म्हणतात. मी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी ड्रेन प्लग काढला, तर चुंबकावर नेहमीचा करडा, लोण्यासारखा मऊ लेप होताच. पण तो बोटाने बाजूला सारल्यावर खाली नखाएवढा एक तुकडा निघाला. त्याची एक बाजू काचेसारखी गुळगुळीत होती, आणि तुटलेली बाजू अर्धी काळपट व अर्धी चकचकीत दाणेदार होती. काळपट भाग जुन्या चिरेचा होता, चकचकीत भाग शेवटच्या दिवशी तुटला होता. तो तुकडा स्टार पिनियनच्या (डिफरेन्शियलच्या आतल्या लहान गिअरच्या) दात्याचा होता. गाडी तोवर आवाजही करत नव्हती.

म्हणून माझे सांगणे असे, की लोखंड मोठे करण्याबरोबरच धक्का लहान करा. डिफरेन्शियल ज्या रबरी बुशांवर टांगलेले असते ते इतक्या जुन्या गाडीत मऊ होऊन फाटलेले असण्याची शक्यता मोठी आहे. ते बुश, सस्पेन्शनच्या हातांचे बुश आणि मागचे शॉक अ‍ॅब्झॉर्बर आधी तपासा. पॉलियुरेथेनचे कडक बुश हॉप कमी करतात. त्यांच्यामुळे गिअरची गुणगुण गाडीत थोडी जास्त ऐकू येते, पण आपल्या वापराला ती सोसण्यासारखी आहे. पूर्ण धातूचे बुश मात्र मी सुचवणार नाही, कारण मग धक्का रबरात जिरण्याऐवजी थेट हाउसिंगच्या कानांवर आणि सबफ्रेमवर जातो.

क्लचचेही तसेच. २७० न्यूटन-मीटरसाठी क्लच बदलावा लागेलच. तो निवडताना एकदम पकडणारा, स्प्रिंग नसलेल्या मधल्या भागाचा, सिरॅमिक पॅडचा प्रकार घेऊ नका. मध्यभागी स्प्रिंग असलेली सेंद्रिय पट्टीची प्लेट आणि जरा जास्त दाबाची प्रेशर प्लेट एवढ्याने हे काम होते. क्लच थोडा घसरून पकडतो तेव्हा तो मागच्या दात्यांचे रक्षण करत असतो.

आणखी एक गोष्ट. चिकट टायर म्हणजे मोठा फ्यूज. पकड १.० वरून १.३ झाली की वरच्या हिशेबातले १,७६० हे जवळजवळ २,३०० होतात. टर्बोचा दाब न वाढवताही डिफरेन्शियलवरचा कमाल भार एवढा वाढतो. टर्बो आणि स्लिकसारखे टायर एकाच महिन्यात लावू नका. आधी एक, त्याची सवय झाल्यावर दुसरे.

निळी_शाई यांचे उत्तर

८.८ इंचीबद्दल थोडक्यात सांगतो. फोर्डने ते १९८६ पासून व्ही-८ मस्टॅंगमध्ये वापरले आणि त्याचे सुटे भाग विपुल आहेत: मजबूत कव्हर, विविध गुणोत्तरे, २८ ऐवजी ३१ खाचांचे शाफ्ट. शाफ्टची पीळ सोसण्याची ताकदसुद्धा व्यासाच्या घनाने वाढते, त्यामुळे या तीन खाचांनी सुमारे एक तृतीयांश फरक पडतो. एमएक्स-५ मध्ये व्ही-८ इंजिन बसवणारे लोक या डिफरेन्शियलकडे वळतात आणि त्यांच्यासाठी ते योग्यच आहे. पण त्यासाठी सबफ्रेममध्ये बदल, वेगळे शाफ्ट, वेगळा प्रोपेलर शाफ्ट आणि गिअरबॉक्सला आधार देण्याची वेगळी सोय, इतके सगळे करावे लागते, शिवाय मागे वजन वाढते ते वेगळेच. २७० न्यूटन-मीटरवर थांबण्याचा आपला निश्चय खरा असेल, तर हा व्याप करण्याचे कारण मला दिसत नाही. निश्चय डळमळीत असेल, तर मात्र आत्ताच प्रामाणिकपणे ठरवा, कारण ७ इंचीवर केलेला खर्च पुढे ८.८ साठी उपयोगी पडत नाही.

अर्धवर्तुळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. निश्चय पक्का आहे. इंजिनचे कनेक्टिंग रॉड मूळचेच ठेवणार असल्याने २७० च्या पुढे जाण्याचा प्रश्नच येत नाही. काल एका १.८ गाडीतून काढलेला पूर्ण संच पाहून आलो: ७ इंची डिफरेन्शियल, टॉर्सन, ४.१ गुणोत्तर, दोन्ही शाफ्ट आणि प्रोपेलर शाफ्ट. पिनियनचा फ्लॅंज हाताने हलवून पाहिला, तर मागे-पुढे जराही हलला नाही. फिरवण्याच्या दिशेने मात्र किंचित टक-टक जाणवली.

आता दोन शंका आहेत. हे युनिट न उघडता तसेच बसवावे, की उघडून बेअरिंग बदलून घ्यावीत? आणि सहा गिअरच्या गाड्यांत येणारे ३.९०९ गुणोत्तर टर्बोसाठी अधिक बरे, असे कोणी सांगितले. त्यात तथ्य आहे का?

शिमवाला यांचे उत्तर

दुसरी शंका आधी घेतो. ४.१ मध्ये पिनियनला १० दाते आणि क्राउन व्हीलला ४१ असतात, ३.९०९ मध्ये ११ आणि ४३. क्राउन व्हीलचा व्यास तोच राहून पिनियनला दाते जास्त मिळाले की पिनियन थोडा मोठा होतो आणि एका वेळी संपर्कात राहणाऱ्या दात्यांची स्थिती सुधारते. म्हणून आकडा लहान तितके क्राउन-पिनियन मजबूत, हे सर्वसाधारणपणे खरे आहे. टर्बो इंजिनला खालच्या फेऱ्यांत जोर भरपूर असतो, त्यामुळे ३.९०९ मुळे गाडी मंदावल्यासारखी वाटत नाही, उलट दुसरा गिअर अधिक उपयोगी होतो. तरीसुद्धा, चांगल्या स्थितीतले ४.१ हाती असताना केवळ यासाठी क्राउन-पिनियन बदलायला मी सांगणार नाही. कारखान्यात एकत्र लॅपिंग केलेली (एकमेकांवर घासून जुळवलेली) आणि इतकी वर्षे एकमेकांवर चाललेली जोडी विस्कटून नवी जोडी बसवणे हे मोठे काम आहे, आणि ते चुकले तर मोठा व्यास असूनही डिफरेन्शियल लवकर जाते.

एक व्यावहारिक बाब मात्र लक्षात ठेवा: आपल्या गाडीचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून चालतो. ४.३ च्या जागी ४.१ आले की काटा १०० दाखवत असताना गाडीचा वेग जवळपास १०५ असेल. गिअरबॉक्समधला स्पीडोमीटरचा छोटा गिअर बदलून हे दुरुस्त करता येते. कृपया ते टाळू नका.

आता पहिल्या शंकेकडे. आधी मागचे कव्हर काढा, जुने ऑइल एका स्वच्छ ट्रेमध्ये घ्या आणि उजेडात पाहा. दात्यांवर खड्डे, निळसर जळके डाग किंवा वरच्या कडांवर तुटल्याच्या खुणा असतील, तर ते युनिट घेऊ नका. तसे काही नसेल, तर क्राउन व्हीलचे चार-पाच दाते पुसून कोरडे करा, त्यांवर खुणेचा पिवळा लेप ब्रशने पातळ लावा आणि एका हाताने क्राउन व्हीलला थोडा विरोध देत पिनियन दोन्ही दिशांना फिरवा. लेपात उमटणारा ठसा दात्याच्या उंचीच्या मधोमध हवा. तो दात्याच्या मुळाकडे गेला असेल तर पिनियन फार आत, म्हणजे क्राउन व्हीलच्या फार जवळ आहे. वरच्या कडेला गेला असेल तर फार बाहेर आहे. लांबीच्या दिशेने ठसा मध्यापासून थोडा आतल्या टोकाकडे असला तर मला तो आवडतो, कारण पूर्ण भार आला की हाउसिंग आणि पिनियन किंचित वाकतात आणि ठसा बाहेरच्या टोकाकडे सरकतो. आपल्याला जाणवलेली टक-टक म्हणजे बॅकलॅश, दोन्ही गिअरच्या दात्यांमधला मोकळा खेळ. ती असायलाच हवी. डायल गेजने तीन-चार ठिकाणी मोजा आणि कारखान्याच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहा. प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा आला, तर क्राउन व्हील वाकडे आहे किंवा त्याच्या बोल्टखाली कचरा अडकला आहे.

ठसा चांगला, बॅकलॅश मापात आणि पिनियनला खेळ नाही, असे असेल तर आतल्या गाभ्याला हात लावू नका. तिन्ही ऑइल सील बदला आणि पुढे चला.

बेअरिंग बदलावी लागलीच, तर माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, म्हणजे ती आपल्याकडून होणार नाही. पिनियनच्या दोन बेअरिंगांच्या मध्ये एक पातळ पत्र्याची नळी असते. नट आवळताना ती चेपत जाते आणि बेअरिंगवर मोजका ताण, म्हणजे प्रीलोड, बसतो. मी नट जरा जास्त आवळला, पिनियन जड फिरू लागला, आणि मी तो नट पाव फेरा सैल केला. फिरवायला पिनियन पुन्हा छान वाटला. पण चेपलेली नळी परत उंच होत नाही. नट सैल केल्यावर ताण उरलाच नव्हता. काही शे किलोमीटरनंतर गाडी वेग सोडताना घोंघावू लागली, आणि उघडल्यावर दिसले की पिनियन मागे-पुढे सरकून दात्यांच्या कडा खाऊन गेला होता. अशा वेळी नवी नळी घालून पहिल्यापासून सुरुवात करणे एवढाच उपाय असतो. जोराच्या वापरासाठी चेपणाऱ्या नळीऐवजी ठोस स्पेसर आणि शिम (माप जुळवायच्या पातळ चकत्या) मिळत असतील तर तेच वापरावेत. जुळवायला वेळ लागतो, पण धक्क्यांनी त्यांची उंची बदलत नाही. ताण मोजताना हेही पाहा, की जुन्या, चाललेल्या बेअरिंगला नव्याच्या साधारण निम्माच ताण द्यायचा असतो.

ऑइल जीएल-५ दर्जाचेच घ्या, कारण क्राउन-पिनियनचे हायपॉइड दाते एकमेकांवर केवळ लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घासतही जातात, आणि त्या घर्षणात दात्यांना वाचवणारी रसायने याच दर्जात पुरेशी असतात. टॉर्सनमध्ये क्लचच्या चकत्या नसल्याने घर्षण बदलणारे वेगळे द्रव्य घालण्याची गरज नाही. ट्रॅकसाठी ७५डब्ल्यू-१४० मला ७५डब्ल्यू-९० पेक्षा सुरक्षित वाटते. नवीन क्राउन-पिनियन बसवलेच, तर पहिल्या वेळी पंधरा-वीस मिनिटे सौम्यपणे चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्या, हे दोन-तीनदा करा आणि सुमारे ८०० किलोमीटरनंतर ऑइल काढून टाका.

मधला_शाफ्ट

शिमवाला यांच्या उत्तरात टॉर्सनविषयी एकच भर घालतो. पकड असलेल्या चाकाला ते दुसऱ्या चाकाच्या काही पट टॉर्क देते. ही पट २.५ धरली, तर एकाच शाफ्टवर एकूण टॉर्कच्या सत्तर टक्क्यांहून जास्त जाऊ शकतो, जिथे ओपनमध्ये निम्म्याहून अधिक कधीच जात नव्हता. म्हणून संचासोबत आलेल्या शाफ्टचे रबरी बूट काढून आतले ग्रीस आणि गोळ्यांच्या खाचा अवश्य पाहा. खाचेवरून नख फिरवताना कड लागली, तर तो सांधा बदला.

अर्धवर्तुळ

कव्हर काढले. ठसा मधोमध आणि किंचित आतल्या टोकाकडे आला आहे. चार ठिकाणचा बॅकलॅश एकसारखा आणि पुस्तिकेतील मर्यादेत आहे. डाव्या शाफ्टच्या आतल्या सांध्यात नखाला कड लागली, म्हणून तो सांधा बदलत आहे. ऑइल सील, पॉलियुरेथेनचे बुश आणि स्पीडोमीटरचा गिअर मागवले आहेत. टर्बो बसवण्याआधी मूळ टॉर्कवरच, सध्याच्या टायरवर गाडी चालवीन, ८०० किलोमीटरला ऑइल काढीन आणि चुंबकावर काय निघते ते इथे कळवीन.